अर्ध्या गुंठ्याचं दुखणं

सातारा-सांगलीकडं गवत वाढवणं हा कधीच कुणाचा छंद नव्हता. गवत काढणं हा मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग आहे. भांगलणीचे दिवस आले की मजुरीचा भाव चढतो, आदल्या रात्री दारोदार जाऊन ‘उद्या आमच्या रानात या’ म्हणून आर्जवं होतात. त्यातही हरळी म्हणजे जुनं वैर. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची, हरळीच्या काश्या वेचून बांधावर ढीग करायचा नि पेटवून द्यायचा. तरी मिरगाचा पाऊस झाला की ती रानात परत हजर. आमच्या वडिलांचं अर्धं आयुष्य हरळी काढण्यात गेलं आणि उरलेलं अर्धं, ती परत कशी आली याची चर्चा करण्यात.

त्याच वडिलांच्या थोरल्या जावयानं, म्हणजे आमच्या सांगलीच्या दाजींनी, विश्रामबागेतल्या बंगल्यापुढं हरळी चौरस फुटाच्या भावानं विकत घेऊन लावली. नर्सरीवाल्यानं नाव सांगितलं, ‘सिलेक्शन नंबर वन’. हरळीचाच तो निवडक, बारीक पानाचा वाण. मेक्सिकन त्याहून महाग पडत होतं, म्हणून दाजींनी हे पसंत केलं. बाबा असते तर काय म्हणाले असते, हा विषय दाजींची बायको, म्हणजे आमची आक्का, घरात काढू देत नाही.

मी कृषी खात्यातून निवृत्त झालेला माणूस, साताऱ्याला शाहूनगरात राहतो. नोकरीत ऊस पाहिला, सोयाबीन पाहिलं, हळद पाहिली, गारपिटीचे पंचनामे केले. लॉन नावाच्या पिकाचा पंचनामा कधी करावा लागला नाही. पण नातेवाइकांच्या लेखी डॉक्टर तो डॉक्टर. मग तो माणसांचा असो की म्हशींचा. सांगलीहून पहिला फोन आला तो असा : “पावणं, लॉन पिवळं पडलंय. लगोलग या.”

गेलो तर माझ्याआधी तिथं तज्ज्ञांची समिती बसलेली. सांगलीत घरटी एक तज्ज्ञ असतोच आणि ज्याचं जे पीक, त्याचा तो रोग. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार गवताचं पान उजेडात धरून म्हणाले, “डावणीच आहे. बोर्डो मारा, विषय संपला.” वाळव्याकडचा दाजींचा पुतण्या उसातला. तो उभ्याउभ्याच म्हणाला, “काका, केवडा पडलाय. हिराकस द्या.” माळी म्हणाला, पाणी कमी पडतंय. शेजारचे म्हणाले, पाणी जास्त झालंय. दाजी लोकशाहीवादी असल्यानं त्यांनी सगळ्यांचं थोडं थोडं ऐकायचं ठरवलं होतं, म्हणजे गवताचं मरण निश्चित होतं.

पिवळं पडणं हा रोग नव्हे, तक्रार आहे. तक्रार कुणी केली हे आधी बघायचं असतं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी. दाजींकडं शेंडे पिवळे होते. म्हणजे पुतण्याचं बरोबर होतं, पण हे मी त्याच्यासमोर कबूल करायला थोडा वेळ घेतला. आमच्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर, सामू आठाच्या वर. लोह मातीत असतं, पण चुन्यानं असं अडकवून ठेवलेलं असतं की मुळांना मिळत नाही. वर दाजी सकाळ-संध्याकाळ पाणी सोडत होते. काळ्या मातीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि लोहाची टंचाई आणखी वाढते. याच हौसेनं पाणी पाजून वाळवा, पलूस, मिरज भागातली उसाची किती तरी रानं क्षारपड झाली. आता तिथं जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घालावे लागतात. जे उसाचं झालं तेच अंगणात होणार. फक्त इथं कारखान्याचं बिलही मिळत नाही.

इलाज साधा : पाणी आठवड्यातून दोनदा पण भरपूर, आणि लिटरला ५ ग्रॅम हिराकस, त्यात थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी फवारा. फरशीवर उडू देऊ नका, असं मी बजावून सांगितलं. दाजींनी एकेक पान न्हाऊ घातलं. गवत आठवडाभरात हिरवं झालं आणि पोर्चमधल्या पांढऱ्या फरशीवर तांबूस ठिपके पडले, ते आजतागायत आहेत. लोहाची कमतरता फरशीला कधीच होणार नाही, एवढं खात्रीनं सांगता येईल.

खताच्या बाबतीत अडचण वेगळीच. दुकानातल्या प्रत्येक पिशवीवर माप एकरी किंवा हेक्टरी. दाजींचं लॉन अर्धा गुंठा. एकराचा ऐंशिवा भाग! एकरी एक गोणी युरिया म्हणजे ४५ किलो. भागिले ८०, आले अर्ध्या किलोला थोडं जास्त. आमच्याकडं एवढं कमी खत देण्याची कुणाला सवय नाही. अर्धा किलो युरिया हातात धरल्यावर माणसाला आपण कंजूष आहोत असं वाटतं. त्याच गल्लीतल्या एकानं मन मोठं करून पाच किलो टाकला, तोही भर दुपारी, कोरड्या गवतावर. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तिथं कार लावायला सुरुवात केली.

पण खरी वेळ आली ती सप्टेंबरात. लॉनवर मधेच ताटाएवढे, मग परातीएवढे वाळके डाग. समिती पुन्हा बसली. या खेपेला करपा, तांबेरा आणि कुणाची तरी नजर, असे तीन निष्कर्ष निघाले. मी गुडघे टेकून डागाच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढलं. अख्खा तुकडा सतरंजीसारखा उचलून आला. खाली मुळंच नव्हती. बोटभर उकरलं आणि तिथं, पांढरट अंग, तपकिरी डोकं, इंग्रजी ‘सी’च्या आकारात वळून पडलेली, आमच्या दोन्ही जिल्ह्यांची जुनी ओळखीची हुमणी.

पुतण्या आनंदला. उसाला हुमणी लागली की घरात सुतक असतं. इथं मात्र काकांच्या शोभेच्या गवतात ती निघाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर न्याय झाल्याचं समाधान होतं. “काका,” तो म्हणाला, “आता तुमी बी शेतकरीच की!”

हुमणी आली कुठून, याचा तपास मी अंगणातच पुरा केला. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे दिवस मावळताना जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंबावर नाहीतर बाभळीवर जमतात, पाला खातात, लग्नं उरकतात आणि मादी खाली मातीत अंडी घालते. दाजींनी फाटकाशी कडुनिंब लावलेला, हवा शुद्ध राहावी म्हणून. शिवाय हिरवळीच्या कडेनं शोभेचे दिवे. उजेडाकडं भुंगेरा धावतो, म्हणून तर आम्ही शेतकऱ्यांना प्रकाश सापळे लावायला सांगतो : वर दिवा, खाली पाण्याचं टोपलं, पाण्यात थोडं रॉकेल. दाजींनी दिवे लावले, टोपलं तेवढं ठेवलं नाही. म्हणजे वऱ्हाडाला मांडव, रोषणाई आणि जेवण असं सगळं आवारातच मिळालं.

त्यात त्यांनी लॉनखाली घालायला नदीकाठच्या मळीची माती आणवली होती. मळी म्हणजे सोनं, याबद्दल सांगलीत दुमत नाही. पण कृष्णा-वारणेच्या काठाला हुमणीची एक जातच वेगळी आहे. तिला आम्ही नदीकाठची हुमणीच म्हणतो. ती ट्रॉलीत बसून आली की निंबावरून उतरली, हे आता सांगता येणार नाही. लव्हाळा मात्र नक्की त्याच ट्रॉलीतून आला. माळी रोज खुरप्यानं त्याचे शेंडे उडवायचा आणि गाठी जमिनीत तशाच. एका गाठीला तुटक्या शेंड्याच्या जागी दोन फुटवे. माळ्याचा रोजगार आणि लव्हाळ्याचा वंश यांची उत्तम सांगड बसली होती.

हुमणीला मेटारायझियम नावाची बुरशी चांगली. शेणखतात मिसळून ओल असताना जमिनीत द्यायची. पण ती द्यायची जून-जुलैत, अळी लहान असताना. सप्टेंबरात ती अंगठ्याएवढी झालेली असते आणि तिचं जेवण उरकत आलेलं असतं. नेमका याच वेळी लोकांचा फोन येतो. उसाच्या बाबतीतही हेच. १९३२ पासून पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आहे. उसाच्या दुखण्यांवर तिथं बख्खळ काम झालं. पण पानं वाळल्याशिवाय शेतकरी वाकून बुडखा बघत नाही, यावर कुठल्या केंद्रात संशोधन चाललेलं माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा हातानं वेचा म्हटलं. दाजी खुर्ची टाकून बसले आणि वेचायला पुतण्या. तो प्रत्येक अळी वर करून दाखवायचा. साळुंक्या आणि बगळे दोन दिवस आधीपासूनच कामाला लागले होते. खरं तर पहिलं निदान त्यांचं. लॉनवर पक्षी अचानक वाढले की आपण फोटो काढतो, तेव्हा उकरून बघायला हवं.

साताऱ्याची तऱ्हा उलटी. सांगलीत पाणी जात नाही, आमच्याकडं ते थांबत नाही. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर बंगले झाले, त्यांच्या अंगणात वर चार बोटं लाल माती, खाली मुरूम, आणि मधे बिल्डरनं उदार मनानं पुरलेला विटा-सिमेंटचा राडा. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांचं लॉन एका पट्ट्यात कायम वाळलेलं. त्यांनी तीन प्रकारची औषधं मारून पाहिली. मी स्क्रू-ड्रायव्हर मागितला आणि जमिनीत खुपसला. दोन बोटांवर ‘टक्’ झालं. तिथं बांधकामाच्या वेळची पाण्याच्या टाकीची फरशी निघाली. गवताला बिचाऱ्याला उभं राहायला जागा नव्हती आणि सर त्याला टॉनिक देत होते.

सरांच्या लॉनवर आणखी एक कोडं होतं : वाटीएवढे जळके डाग, आणि प्रत्येक डागाभोवती गर्द हिरवं कडं. सरांना त्यात करणी दिसत होती. तो शेजारच्या कुत्र्याचा सकाळचा कार्यक्रम होता. मुतात नत्र भरपूर. मधे मात्रा जास्त होते तिथं जळतं, कडेला बरोबर बसते तिथं तरारतं. कुत्र्याला मात्रा कळत नाही, पण त्यावरून त्याला नावं ठेवायचा अधिकार सांगलीच्या त्या पाच किलोवाल्यांना तरी नाही. लगेच बादलीभर पाणी ओता, एवढाच त्यावर इलाज. सर आता पहाटे पाचला बादली घेऊन पायरीवर बसतात. कुत्रं त्यांना बघून गेटाबाहेरच कार्यक्रम उरकतं आणि सरांना पाणी ओतायला मिळत नाही म्हणून चुटपूट लागते.

गवत कापणारे हा स्वतंत्र अध्याय. एका वेळी पानाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये, हा साधा नियम. आमच्याकडचा मशीनवाला महिन्यातून एकदा येतो आणि ‘झिरो’ मारून जातो. पुन्हा महिनाभर बघायला नको, हा गिऱ्हाइकाचाच आग्रह. मग आठ दिवस गवत पांढरंफटक. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिरानं हे यंत्र काढलं, ते लोकरी कापडाची लव कातरणारं यंत्र बघून. इंग्लंडात बारा महिने भुरभुर पाऊस आणि त्यावर वाढणारं गवत. यंत्राआधी ते कापायचं काम विळा आणि मेंढ्या करायच्या. आम्ही यंत्र घेतलं, पाऊस घ्यायचा राहिला. आमच्या वरच्या अंगाला कासचं पठार आहे, २०१२ पासून जागतिक वारशात. तिथं कुंपण घालून गुरं बंद केली, तर गवतच माजलं आणि फुलं मागं पडली, अशी ओरड झाली. म्हशीला तिसऱ्या हिश्श्याचा नियम कुणी शिकवला नव्हता.

दाजींच्या लॉनची सर्वांत मोठी शोकांतिका मात्र गणेश चतुर्थीला कळते. सांगली म्हणजे गणपतीचं गाव. अंगणात अर्धा गुंठा हरळी, म्हणजे नुसत्या दूर्वा, आणि आक्का सकाळी पाटी घेऊन उतरली तर एकवीस सोडा, एक सरळ तीन पानी दूर्वा हाताला लागत नाही. सगळं झिरो मारलेलं. “अहो, निदान गणपतीपुरतं तरी वाढू द्यायचं होतं!” ती म्हणाली. दाजींनी नोट काढली आणि देवळापुढून जुडी आणली. जुडी विकणारी बाई म्हणाली, “बांधावरची हाय, ताजी.”

हुमणीनं खाल्लेल्या जागेवर लगेच नवं गवत लावायचं नाही, माती उकरून उन्हात तापू द्यायची, असं मी सांगून आलो. तापायला ठेवलेली ती जागा आक्कानं तीन दिवस पाहिली. चौथ्या दिवशी तिथं मेथी फिसकटली. दाजींनी मला फोनवर याला ‘तात्पुरती व्यवस्था’ असं नाव सांगितलं. मेथी उगवली तसा त्यांचा सूर बदलला. ते रोज तिचे फोटो पाठवू लागले, हिरवळीचे बंद झाले. मग एक दिवस गंभीर आवाजात फोन : “पावणं, मेथीवर मावा पडलाय. काय मारू?”

हा प्रश्न माझ्या नोकरीतला. मी खुर्ची सावरून बसलो. पिवळे चिकट सापळे सांगितले, पाच टक्के निंबोळी अर्क सांगितला, फवारणीची वेळ सांगितली, अर्ध्या गुंठ्याचं काय, दीड वाफ्याचं मापसुद्धा काढून दिलं. दाजी वहीत लिहून घेत होते. पलीकडून आक्काचा आवाज आला, “काही मारू नका हो. उद्या उपटायची आहे, मी मिठाच्या पाण्यात धुऊन घेते.”