तीन फुटी तुकडे

आमच्या दुकानात शिरलं की उजव्या कोपऱ्यात लोखंडाचा जो ढीग दिसायचा, त्याला माझी बायको भंगार म्हणायची, कारागीर कतरन म्हणायचे आणि मी 'माल' म्हणायचो. भांडण एवढ्या एका शब्दाचं होतं.

दुकान महाराणा प्रताप नगरात, म्हणजे भोपाळकरांच्या तोंडी एम. पी. नगरात, झोन दोनच्या मागच्या गल्लीत. पुढच्या रस्त्यावर कोचिंग क्लासचे फलक एकमेकांच्या खांद्यावर चढून उभे असतात. त्यांचे सांगाडे आमच्यासारख्यांकडे होतात. पहिल्या आलेल्या पोराचा फोटो बदलला की फ्लेक्स बदलतो आणि भागीदार भांडले की सांगाडासुद्धा. भागीदार भांडत राहोत, एवढीच माझी रोजची प्रार्थना.

आता हिशेब सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. दीड इंची चौकोनी पाइप येतो वीस फुटांचा. चार बाय तीनच्या फलकाला चौकट चौदा फुटांची आणि मधला आधार तीन फुटांचा, असे सतरा फूट लागतात. उरतो तीन फुटांचा तुकडा. कटरचं पातं प्रत्येक कापाला दोन-तीन मिलिमीटर खातं, तेव्हा तीनला बोटभर कमीच. हे तुकडे वर्षानुवर्षं कोपऱ्यात जाऊन पडले. त्यांच्यावर अँगलचे, पट्टीचे, बारा एमएम सळईचे, कुणाच्या जिन्याच्या कठड्यातून उरलेल्या स्टेनलेसचे तुकडे साचले. एकदा वजन केलं तर सव्वादोन क्विंटल भरलं.

आमच्या उस्तादांनी (वय साठ, वेल्डिंगचा अनुभव पंचेचाळीस वर्षं) मला एकदा खडूने जमिनीवर काढून दाखवलं होतं. "देखो सेठ, तीन बोर्ड के तीन टुकड़े बचे. चौथे बोर्ड में तीन फुट वाले तीन ही तो लगते हैं. नया पाइप बस आठ फुट काटो." उभ्या पाइपा आडव्यांच्या मधे बसतात, त्यामुळे त्या तीन इंचांनी आखूडच लागतात, म्हणजे बोटभर कमी असलेला तुकडाही चालतो. काय सुंदर हिशेब! मी मान डोलावली आणि चौथ्या फलकाला नवा पाइप कापला. मी बी.कॉम. आहे. खडूने काढलेला हिशेब मला हिशेब वाटत नाही.

भंगारवाले दर महिन्याला डोकावत. भोपाळात कबाडखाना नावाचा अख्खा मोहल्लाच आहे, तेव्हा गिऱ्हाइकाची वाण नव्हती. किलोला बत्तीस, म्हणजे सव्वादोन क्विंटलाचे सात हजार दोनशे रोख. मी नाही म्हणायचो. सत्तर रुपयांनी घेतलेलं लोखंड बत्तिसाला देणं म्हणजे पोटचा पोर अर्ध्या किमतीत विकणं.

त्यातच २०२३च्या जानेवारीत शहरात अटल पथाजवळ भंगाराची रुद्रवीणा उभी राहिली. अठ्ठावीस फूट लांब आणि पाच टन वजनाची. गाड्यांच्या चेन, गिअर, बॉल बेअरिंग, तारा असं काय काय त्यात जोडलेलं. ती घडवणाऱ्यांत पवन देशपांडे हे नाव वाचलं आणि माझी मराठी छाती दीड इंच फुगली. देशपांड्यांना पाच टन पेलतात, तर मला सव्वादोन क्विंटल का नाही? त्यांच्यामागे कलाकारांची फौज होती आणि त्यांना ते काम येत होतं, हे दोन तपशील मी वगळले.

काय करायचं ते आईने ठरवलं. आमचं घराणं मूळचं नागपूरचं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली, भोपाळची आली आणि सरकारी फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर आमचे आजोबाही इकडे आले. फायली आल्या, आजोबा आले, पण वाड्यातली बंगई मागे राहिली. झोपाळ्याला आम्ही बंगईच म्हणतो. आई सून म्हणून आली ती भोपाळातच, पण त्या बंगईचं दुःख तिने सासूकडून दागिन्यासारखं घेतलंय.

मी जाहीर केलं, "आई, पाडव्याला तू बंगईवर बसशील. पूर्ण टाकाऊतून. एक पैसा खर्च नाही."

"अरे बाप्पा," आई म्हणाली. तिचा तो सूर मी तेव्हा आनंदाचा समजलो.

दुकान वीस वर्षं चालवलं, पण वेल्डिंगचं हँडल हातात धरलं नव्हतं. रविवारी गल्ली शांत असते म्हणून सुरुवात रविवारी केली. बंगईचा पाय सात फुटांचा हवा आणि माझ्याकडे होते तीन फुटी. जोडले. वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि टाका ज्या बाजूला, त्या बाजूला पाइप ओढतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून चारी बाजूंनी थोडे थोडे टाके आधी घ्यायचे असतात. मी एका बाजूने सलग रेघ ओढली, सुंदर दिसावी म्हणून. दोन सांधे झाल्यावर पायाने नर्मदेसारखी वळणं घेतली होती. गुण्या लावला तर मधून बोट जात होतं. उस्तादांनी तो पाय उचलला, एका डोळ्याने आरपार बघितलं आणि काही न बोलता ढिगावर ठेवला.

मग तीन नवे पाइप आणले. "सिर्फ ढाँचे के लिए," असं मी सगळ्यांना न विचारता सांगत होतो.

दुसऱ्या रविवारी आडवे आधार. ढिगात जीआयचे छान चकचकीत तुकडे होते. काळ्या लोखंडापेक्षा शोभून दिसतील म्हणून तेच घेतले. दुपारभर जोडत बसलो. पांढरा धूर येत होता, तोंडात गोडसर धातूची चव येत होती. रात्री नऊला हुडहुडी भरली. मार्चमध्ये, भोपाळात, दोन रजया! डॉक्टरांनी मलेरिया बघितला, टायफॉइड बघितला, काही निघालं नाही. दुसऱ्या संध्याकाळी ताप आला तसा गेला. उस्तादांनी ऐकलं आणि हसू दाबत म्हणाले, "जस्ता चढ़ गया सेठ को." जीआयवर जस्ताचा थर असतो. तो आधी घासून काढायचा असतो आणि वारा पाठीकडून नाही, बाजूने येईल असं बसायचं असतं. उस्तादांनी गुळाचा खडा दिला. गुळाने काय होतं ते त्यांनाही माहीत नसावं, पण कारखान्याकारखान्यांतून तो देतात. मी खाल्ला.

चौथ्या रविवारी बंगई उभी राहिली. रेडऑक्साइड, वर हिरवा रंग, सागवानी फळी. वरच्या कड्या मी स्टेनलेसच्या केल्या होत्या, गंजू नयेत म्हणून. उस्ताद त्या दिवशी लग्नाला गेले होते. त्या कड्या साध्या लोखंडी आडव्याला जोडायच्या तर ३०९ नंबरची कांडी लागते, हे मला त्यांनी नंतर सांगितलं. मी फलकाची रोजचीच कांडी लावली. सांधा दिसायला झकास होता.

पाडव्याला आईने बंगईला हळदकुंकू वाहिलं, पण बसली नाही. "आधी तू बस रे बाबा."

बसलो. माझं वजन चौऱ्याऐंशी. हातात श्रीखंडाची वाटी. पहिल्या झोक्याला बंगई किंचित तिरकी गेली, कारण एक पाय बोटभर आखूड होता. दुसऱ्या झोक्याला डोक्यावर 'टिंग' असा आवाज झाला. उजवी कडी सांध्यातून स्वच्छ तुटली होती, मी फळीवरून तिरका घसरून बायकोने काढलेल्या रांगोळीत बसलो होतो आणि श्रीखंड वाटीतच होतं. त्याबद्दल घरात माझं आजही कौतुक होतं.

"काय करून राहिला बाबा तू?" आई म्हणाली आणि आत गेली.

खर्च लिहून काढला. पाइप अठ्ठावीसशे, कांड्या आणि कटिंगची पाती सहाशे, उस्तादांच्या रविवारांचे चार हजार, डॉक्टर आणि रक्ततपासणी दीड हजार, रंग पाचशे. नऊ हजार चारशे. फळी घरातल्या जुन्या पाटाची होती, म्हणून ती धरली नाही.

भंगारवाला आला तेव्हा मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. त्याने बंगई काट्यावर चढवली, अठ्ठावन्न किलो भरली आणि म्हणाला, "दो किलो पेंट का काटूंगा." ढीगही दिला. फळी आईने ठेवून घेतली. तिच्यावर आता पापड वाळतात.

कोपरा तेवढा रिकामा झाला असता, पण त्या तीन नव्या पाइपांतून बंगईला प्रत्येकी सतरा फूट लागले होते. उरलेले तीन तुकडे मी विकलेले नाहीत. कुणाला फलक करून घ्यायचा असेल तर या. फक्त माप चार बाय तीनचंच सांगा.