अंगणातला स्वस्त लेथ

समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० मीटरवरचं ताइफ म्हणजे सौदीचं महाबळेश्वरच. लोक तिथे जातात हवेसाठी, गुलाबाच्या अत्तरासाठी. भाड्याच्या घरामागे लेथ मांडायला जाणारा मात्र आपल्याकडचा फिटरच असणार.

कागदावर हिशेब चोख. भंगारातला लेथ, चार पत्रे, सिमेंटचा कोबा आणि गावाहून आणलेली मोटर. ही मोटर ५० हर्ट्झची, सौदीची वीज ६० हर्ट्झची. त्यामुळे मिनिटाला १,४४० फेरे घेणारी मोटर तिथे १,७०० च्या वर पळते. फुकटात वेग वाढला म्हणून गडी खूश.

मग वारा सुटतो. बेड गंजू नये म्हणून तेल लावायचं, ही आयटीआयची शिकवण. तेल धूळ धरतं, धुळीतली गारगोटी बिडापेक्षा कठीण, आणि कॅरेज येता-जाता बेडला पॉलिशपेपर मारत राहतं. म्हणून आच्छादन. आच्छादनात उकडतं म्हणून पंखा. पंखा धूळ आत ओढतो म्हणून फिल्टर. एवढ्यात नवा लेथ आला असता, पण मग ते स्वस्त वर्कशॉप कसलं!

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला, हा दाखला बायकोला फोनवर दिला जातो. त्यांना जमीन औंधच्या राजाने दिली होती, हे गाळून. इथल्या घरमालकाला अजून खटखट कसली तेच कळलेलं नाही.

उत्पादन जोरात आहे. आजवर त्या लेथवर बनलेला प्रत्येक भाग त्याच लेथच्या दुरुस्तीत खपला.