खसखस पिकली

अमेरिकेत नशेच्या अतिसेवनाने बेशुद्ध झालेला माणूस इमर्जन्सीत आला की त्याच्या लघवीत पाच ठरावीक आरोपी शोधायची जुनी रीत आहे: गांजा, कोकेन, अॅम्फेटामाइन, अफूवर्गीय आणि पीसीपी. ही यादी १९८० च्या दशकात रेगन सरकारने आपल्या नोकरांच्या तपासणीसाठी काढली. कारकून कामावर ठेवावा की नाही, एवढंच तिला सांगता यायचं. पण फॉर्म एकदा छापला की तो बदलणार कोण? पीसीपीचा जमाना ओसरला, रकाना अढळ राहिला.

दरम्यान फेंटानिल आलं. हेरॉइनच्या पन्नास पट जहाल. २०२२ साली तिथे कृत्रिम अफूवर्गीयांनी, म्हणजे मुख्यतः यानेच, ७० हजारांहून जास्त माणसं नेली. ते प्रयोगशाळेत जन्मलेलं, घडण मॉर्फिनहून निराळी, त्यामुळे अफूच्या चाचणीत दिसत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह! उलट दिवाळीत खसखशीवर थापलेले अनारसे दाबून खाल्लेले कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचे एखादे काका त्याच चाचणीत अफूबाज ठरू शकतात. विनोद नाही, खसखशीपायीच नोकरीच्या चाचणीतली मर्यादा १९९८ मध्ये ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर न्यावी लागली. खसखशीचे पाव विकणाऱ्या बेकरीवाल्यांना न्याय मिळाला म्हणायचा.

डॉक्टर म्हणतात, आम्ही रिपोर्टसाठी थांबत नाही, श्वास मंदावला की नॅलोक्झोनचा उतारा टोचतो. खरं आहे. पण शुद्धीवर आलेला पोरगा ‘निगेटिव्ह’चा कागद घेऊन घरी जातो आणि आपल्या गोळीत फेंटानिल नव्हतंच असं समजतो. लॉस एंजेलिसमधला एक १९ वर्षांचा मुलगा २०१८ मध्ये असाच गेला. त्याच्या आईने पाठपुरावा केला, तेव्हा २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याच्या नावाचा कायदा केला.

कायदा काय म्हणतो? चाचणी कराच, असं नाही. पण रोगनिदानासाठी लघवीची नशा-चाचणी केलीत, तर तीत फेंटानिलही बघा. म्हणजे पंगत घालायची सक्ती नाही, घातलीत तर मीठ वाढा. गंमत अशी की हेच फेंटानिल वेदनाशामक म्हणून त्याच इमर्जन्सीच्या कुलूपबंद कपाटात असतं, आणि प्रत्येक थेंबाचा हिशेब सहीनिशी ठेवला जातो. कपाटातलं फेंटानिल इतकं काटेकोर मोजणाऱ्यांना पेशंटमधलं शोधायला मात्र विधिमंडळाचा कायदा लागला.

शिवाय या कायद्याला मुदत आहे: १ जानेवारी २०२८ ला तो आपोआप रद्द होतो. फेंटानिलच्या बाजूने अशी कुठली तारीख अजून जाहीर झालेली नाही.