तुरळक ठिकाणी मी

आमच्या घरात मला तीन विषयांवर तोंड उघडायची बंदी आहे. भाजीतलं मीठ, मुलाचं गणित आणि उद्याचं हवामान. पहिल्या दोन बंद्या लग्नानंतर आपोआप लागू झाल्या. तिसरी मात्र मी स्वकष्टाने मिळवली.

त्याचं असं झालं. सकाळी चहाचा कप हातात आला की लोक पेपर उघडतात, देवाला हात जोडतात, निदान खिडकीतून आभाळाकडे तरी बघतात. मी मोबाइल बघतो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज, त्यात आमच्या अमरावतीचा रंग आज हिरवा की पिवळा की नारिंगी, शेजारच्या अकोल्याचा कोणता, आणि लाल असेल तर मग विचारूच नका, तसाच कप घेऊन मी स्वयंपाकघर, न्हाणीघराचं दार, देवघर असा फिरत तो मोठ्याने वाचून दाखवतो. ‘मेघगर्जनेसह’ हा शब्द आला की पूजेला बसलेली आई पुन्हा एकदा डोळे मिटते. तिचं स्वतःचं खातं वेगळं. ती पंचांग काढून नक्षत्राचं वाहन बघते. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले की खूश, गाढव निघालं की माझ्याकडे बघते. मी तिला समजावून सांगतो की आई, भारतीय हवामान खातं १८७५ सालचं आहे, दीडशे वर्षांचा अनुभव आहे त्यांना. ती म्हणते, “आणि बेडूक कधीपासूनचा आहे?”

याला माझ्याकडे उत्तर नाही.

पहिला बळी गेला कुरड्यांचा. वऱ्हाडातल्या मे महिन्यात ज्याच्या गच्चीवर वाळवण नाही त्या घराला काही प्रतिष्ठा नाही, आणि त्यात गव्हाच्या कुरड्या म्हणजे चार दिवसांचं व्रत. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा आणि चौथ्या दिवशी पहाटे तो शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. नेमक्या चौथ्या पहाटे मी डोळे चोळत जाहीर केलं की आज अवकाळीची शक्यता आहे, थांबा. बायको थांबली. चीकही थांबला, पण आपल्या पद्धतीने. दिवसभर असं ऊन पडलं की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला चाललं असतं, आणि संध्याकाळी पातेल्याचं झाकण उघडलं तेव्हा सगळं घर आंबूस झालं. पुढच्या घाण्याच्या वेळी मी दहा वेळा खात्री करून ‘हवामान कोरडे’ असं छातीठोकपणे सांगितलं. जुन्या साड्यांवर कुरड्यांच्या रांगा लागल्या, दुपारी चारला बडनेऱ्याच्या बाजूने धुळीचा लोट उठला, टपोरे थेंब पडायला लागले आणि मी प्लास्टिकचा मोठा कागद घेऊन जिन्याने धावलो. कागदात वारा शिरला. माझ्या हातात कागद होता की कागदाच्या हातात मी, हे ठरायच्या आत दोन्ही गुडघे कुरड्यांच्या तिसऱ्या रांगेत गेले होते.

त्या कुरड्या आम्ही दिवाळीत तळल्या. दोन जरा चपट्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, हवामानवाले चुकतात, त्यात तुमचा काय दोष. इथेच तर गंमत आहे. ते चुकलेच नव्हते. दोन्ही दिवशी अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ हे दोन शब्द होते आणि मी ते चहाच्या घोटाबरोबर गिळले होते. मग मी त्यांचा अभ्यास केला. खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस, त्याच्या वरची पायरी ‘काही ठिकाणी’, मग ‘बऱ्याच ठिकाणी’, आणि पाऊणाच्या वर गेला की ‘बहुतेक ठिकाणी’. ‘मुसळधार’ हा शब्दही उगाच येत नाही, चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाल्याशिवाय ते कुणाच्या तोंडावर फेकत नाहीत. किती रेखीव काम! हे सगळं मी जेवताना घरच्यांना समजावलं. मुलगा म्हणाला, “म्हणजे बाबा, पाऊस येणार की नाही?”

आणखी एक मेख आमच्या जिल्ह्याची. नकाशावर रंग एक, पण जिल्ह्यात मुलूख दोन. खाली काळ्या मातीचं सपाट पयनघाट आणि वर सातपुड्याचा मेळघाट. अमरावती शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटरवर, चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास. हजार मीटर चढलं की हवा साडेसहा अंशांनी थंड होते, आणि ढग डोंगर चढताना थंड झाला की हातातलं सगळं तिथेच टाकून देतो. शाळेत भूगोलात हे शिकलो होतो. मला त्यात चांगले मार्कही होते.

तर जुलै महिना. अंदाज नारिंगी, ‘अमरावती जिल्ह्यात घाट परिसरात मुसळधार’. मी सात रेनकोट, चार छत्र्या, आईची शाल, दोन टॉवेल एका बोचक्यात बांधले आणि आम्ही चिखलदऱ्याला निघालो. वलगावला ऊन. आसेगावला कडक ऊन. परतवाड्याला सासुरवाडी, तिथे चहाला थांबलो तर अंगणात धान्य वाळत टाकलेलं. आमच्या मामाजींनी बोचक्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलले काहीच नाहीत. जावयाला एवढं पुरतं. मेहुणा मात्र म्हणाला, “भाऊजी, लंकेले चालले का?” सगळे हसले, बायको सगळ्यात मोठ्याने. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच मोबाइल खिशात घालून स्वतःच्या डोळ्यांनी आभाळ पाहून निर्णय घेणारा मी, म्हणालो, “राहू द्या हे ओझं इथेच.”

घाट लागला तसा काचेवर पहिला थेंब पडला. पाचव्या वळणावर वायपर चालेना, आठव्या वळणावर समोरचा रस्ता गेला, आणि वर पोचलो तेव्हा चिखलदरा नावाचं गाव पांढऱ्या दुलईखाली कुठेतरी होतं. देवी पॉइंटला देवी दिसली, पॉइंट दिसला नाही. गाविलगड दिसला नाही, भीमकुंडाचा नुसता आवाज ऐकला. पंचबोल पॉइंटला हाक मारली की पाच वेळा घुमते म्हणतात, म्हणून मुलाचा रडवेला चेहरा बघून मी कठड्यापाशी उभा राहिलो, नाकातून पाणी गळतंय, चष्म्यावर धुकं, आणि सगळा जोर लावून ओरडलो, “आहे का कोणी?”

दरीतून काही आलं नाही. पाठीमागच्या धुक्यातून आलं, “हाये ना भाऊ! कनीस भाजू का?”

सात कणसं घेतली. निखाऱ्यावर भाजलेलं, तिखट-मीठ-लिंबू चोळलेलं, हात भाजतायत आणि पाठ गोठतेय असं कणीस मी पुन्हा कधी खाल्लं नाही. इथली रबडीही खाल्ली, तिच्यात पावसाचं पाणी पडत होतं तरी गोड होती. एवढंच काय ते चिखलदरा.

खाली उतरलो तर परतवाड्यात धूळ उडत होती. सात माणसं, आईसुद्धा, पार चिंब होऊन अंगणात रांगेने उभी. धान्य अजून वाळतच होतं. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, “अवो माय, कुठी भिजले जी? अथी त थेंब नाई.” बोचकं जिथे ठेवलं तिथेच होतं. त्यावर मांजर झोपली होती. तीही कोरडी.

तेव्हापासून मी आभाळ बघणं पूर्ण सोडलं आणि मोबाइलवर श्रद्धा आणखी घट्ट केली. त्याचा उपयोग असा की २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, प्रशासनाने उन्हासाठी जमावबंदी लावली, आणि मी दोन दिवस आधीपासून सगळ्यांना ते वाचून दाखवत होतो, इतकं की त्याच आठवड्यात अकोल्याला एका लग्नाला आपणच जाणार आहोत हे मला गाडीत बसल्यावर आठवलं. कोट माझ्याच अंगात होता.

खरी कसोटी मात्र गेल्या जूनमध्ये झाली. मामाजी तसे भेंडवळच्या घटमांडणीचे माणूस. अक्षय्यतृतीयेला तिकडे घट मांडतात, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे त्यांच्यावरून पावसापाण्याचं भाकीत सांगतात, ते पेपरात आलं की मामाजी कात्रण काढून ठेवतात. पण त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चक्क मला फोन केला. “जवाईबापू, तुरीची पेरणी करू म्हनतो उद्या. काय म्हनते तुमचं नागपूर?”

लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं होतं. माझा आवाज दाटून आला. मी रंग सांगितले, टक्के सांगितले, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये हा कृषी विभागाचा सल्ला पाठ म्हणून दाखवला आणि ठणकावून म्हणालो, “आठ दिवस थांबा. पाऊस नाही.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग फोनच्या बाहेर कुणाला तरी हाक मारलेली मला स्पष्ट ऐकू आली, “अरे, तिफन काढ रे! पानी येते.”

आला. रात्रभर, त्यांच्याच शिवारात.

जानेवारीत परतवाड्याहून तुरीच्या डाळीचं पोतं आलं, वीस किलो, घरची, हात लावला की पिवळं पीठ लागणारी. तोंड शिवलेलं होतं आणि वर खडूने लिहिलं होतं, ‘जवाईबापूच्या अंदाजाची’. बायकोने ते पोतं मुद्दाम बैठकीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं ठेवलंय. मी म्हटलं, आत तरी ठेव, ओल लागेल. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गच्चीवरचे कपडे काढायच्या ऐवजी आणखी एक बादली भिजवायला घातली.