के-ई-डबल आर

विल्यम मेकपीस थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराच्या आडनावाचं स्पेलिंग आपल्याकडे कसं आलं, हे मराठी माणसाला सांगायला नको. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी ते उचललं आणि ते शोभलंही. मलाही कॉलेजात तशीच हुक्की आली. आडनावातल्या ‘कर’चं मी के-ई-डबल आर करून टाकलं. डेबोरा कर ही नटी तेच लावायची, मग आम्ही काय घोडं मारलं होतं? तेव्हापासून कुरिअरवाला फाटकातून ओरडतो, “केरसाहेब आहेत का?” बायको आतून म्हणते, “आहे, अजून काढला नाही.”

म्हटलं, थॅकरेचं मूळ तरी बघू. एवढं भारदस्त स्पेलिंग, मागे निदान एखादी गढी असेल. निघाली यॉर्कशरमधली वस्ती. जुन्या नॉर्समध्ये अर्थ काय, तर शाकारणीच्या गवताचा कोपरा! 1538 पासून चर्चच्या वह्यांत नोंदी सुरू झाल्या. पाद्र्याच्या कानावर जे पडेल ते कागदावर. थॅकरा काय, थॅकव्रे काय. कामगारांच्या आजारांवर 1831 मध्ये पुस्तक लिहिणारा लीड्सचा डॉक्टर थॅकरा, तोही याच गवतातला.

पण माझा लाडका आहे कादंबरीकाराचा आजोबा. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, सिल्हेटला कलेक्टर. पगारात भागेना म्हणून गडी हत्ती पुरवायला लागला, आणि गिऱ्हाईक कोण, तर खुद्द कंपनी! मालकालाच हत्ती विकून हा गब्बर होऊन विलायतेला परतला. अशा माणसाला स्पेलिंग विचारायची कोणाची छाती? नातू 1811 मध्ये कलकत्त्यात जन्मला आणि पुढे बड्या घराण्यांच्या तोऱ्याची टर उडवून त्यानं नाव कमावलं. आजोबांची पुण्याई.

ती मूळ वस्ती आता फ्यूस्टनच्या धरणात आहे. लीड्सला पाणी हवं होतं. हे वाचलं आणि चेष्टा सुचेना. माझ्या ‘कर’च्या आधी जे गाव आहे, तेही धरणातच गेलं. त्याचं पाणी शहरात आमच्याच नळाला येतं आणि आम्ही ते कमी दाबाचं म्हणून तक्रार करतो. आजी त्या पाण्यानं कधी देवपूजा करायची नाही. मोबदल्याच्या कागदांत गावाचं नावही धड लिहिलं नव्हतं, म्हणून ती मरेपर्यंत चिडायची. मी तेव्हा डबल आर गिरवत होतो.

परवा बँकेत साहेबांनी विचारलं, “पासबुकात केर, आधारवर कर. नक्की कोण?” मी त्यांना पाद्र्याच्या वह्या, डॉक्टर थॅकरा, हत्ती, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “अ‍ॅफिडेव्हिट लागेल.”