शेवटच्या फ्रॉस्टच्या सहा ते आठ आठवडे आधी

बियांच्या पाकिटाच्या मागे एक वाक्य छापलेलं असतं: शेवटच्या फ्रॉस्टच्या सहा ते आठ आठवडे आधी बी घरात पेरावं. जबाबदार माणसाने सही-शिक्क्यानिशी लिहिल्यासारखं वाक्य. आता चहा घेता घेता ते जरा नीट वाचा. वसंतात ज्या रात्री पारा शून्यापर्यंत उतरतो आणि पानावरचं दव गोठतं, तशी त्या वर्षातली शेवटची रात्र म्हणजे शेवटचा फ्रॉस्ट. पण ती शेवटची होती हे कधी कळतं? तिच्यामागून दुसरी आली नाही की. म्हणजे साधारण जूनमध्ये. आणि जूनमध्ये जी तारीख कळणार, तिच्यावरून उलटं मोजून बी मात्र मार्चमध्ये पेरायचं. माझी हरकत इथून सुरू होते, आणि ती किरकोळ म्हणून मी सोडून देणार नाही.

तुम्ही पुण्या-नाशकात असाल तर हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. तिकडे गादीवाफ्यावर मिरचीचं बी टाकलं की महिना-दीड महिन्यात लागवडीजोगं रोप तयार. मी राहतो मिनिआपोलिसला, ४५ अक्षांशावर. इथे मेच्या मध्यापर्यंत रात्रीचा भरवसा नाही, आणि ऑक्टोबर उजाडला की पानं पुन्हा काळी पडायला लागतात. मधे उघड्यावर जेमतेम पाच महिने. मिरचीला बियापासून पहिल्या तोड्यापर्यंत चार-पाच महिने लागतात, आणि त्यात तिला गार माती अजिबात चालत नाही. माती तापल्यावर, म्हणजे जूनमध्ये, थेट जमिनीत बी टाकलं तर मिरच्या धरायच्या वेळेला थंडी दारात उभी. तेव्हा घरात रोप करणं हा इथे छंद नाही. मिरची हवी असेल तर दुसरा मार्ग ठेवलेलाच नाही.

तर तारीख. हवामान खातं ती देतं, पण कशी देतं ते पाहा. तीस वर्षांच्या नोंदींवरून एक तक्ता केलेला असतो. अमुक तारखेनंतर फ्रॉस्ट पडण्याची शक्यता नव्वद टक्के, अमुक तारखेनंतर पन्नास, अमुक तारखेनंतर दहा. ‘सरासरी शेवटचा फ्रॉस्ट’ म्हणून जी तारीख सगळीकडे फिरते, ती बहुधा यातली पन्नास टक्क्यांची. म्हणजे त्या तारखेवर विसंबून टोमॅटो बाहेर लावणाऱ्याला दोन वर्षांतून एकदा दगा ठरलेला. पाकिटावर या पन्नास टक्क्यांचा उल्लेख कुठेही नाही. शिवाय नोंद घेतात ती बहुतेक वेळा विमानतळावर. भर शहरात, विटा-काँक्रीटच्या मधे, रात्र थोडी उबदार असते. उपनगरातल्या सखल परसात गार हवा साचून राहते, तिथे त्याच रात्री पानं गोठतात. तक्त्यात दोघांची तारीख एकच.

कोणाला विचारायला जावं तर पहिला प्रश्न येतो, ‘तुमचा झोन कोणता?’ अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२३ साली झोनचा नवा नकाशा काढला. देशाचा साधारण निम्मा भाग अर्ध्या झोनने उबदार बाजूला सरकला आणि मिनिआपोलिस ५-अ मध्ये आलं. लोकांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. पण झोन सांगतो काय? हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्री पारा सरासरी कुठवर उतरतो, एवढंच. ५-अ म्हणजे सुमारे उणे २९ ते उणे २६ अंश सेल्सिअस. सफरचंदाचं झाड हिवाळा काढेल की नाही, ते यावरून ठरवावं, योग्यच आहे. टोमॅटो जानेवारीत जिवंतच नसतो. मे महिन्यातल्या कुठल्या रात्री दव गोठेल, याबद्दल हा नकाशा एक अक्षर बोलत नाही. तरीही कितीतरी पाकिटांवर नकाशा रंगीत छापतात, आणि वाचणारा साहजिकच त्यात आपली पेरणीची तारीख शोधत बसतो.

याहून जुन्या लोकांनी बरं काम केलं. जर्मनीत ११ ते १५ मे हे दिवस थंडीच्या संतांचे. पंधराची सोफी उलटल्याशिवाय नाजूक रोप बाहेर नेत नाहीत. कॅनडातली मंडळी व्हिक्टोरिया डेचा, २५ मेच्या आधीचा सोमवार धरतात. मिनेसोटात मदर्स डे सांगतात, मेचा दुसरा रविवार. आपल्याकडे अक्षय तृतीयेला आळी करून वेलांच्या बिया लावतात. तीही याच सुमाराला येते, फक्त तिकडे डोळे थंडीकडे नसून पावसाकडे असतात. या सगळ्यांनी एक उपकार केला, दिवस ठरवून दिला. तो एखाद्या वर्षी चुकेल, पण त्यावरून मागे मोजता तरी येतं.

म्हणून मी १५ मे धरतो आणि मागे मोजतो. वांगी-मिरची दहा आठवडे आधी, म्हणजे ६ मार्च. टोमॅटो २० मार्च ते ३ एप्रिल. काकडी, दुधी, दोडका या मंडळींना तीन-चार आठवडेच पुरतात, म्हणजे १७ एप्रिलच्या पुढे. त्यांच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून प्रत्येकाला पहिल्यापासून स्वतंत्र कुंडी. कांदा मात्र फेब्रुवारीतच. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना घरात घेऊच नये, त्यांना जागा बदललेली आवडत नाही. ती थेट मातीत. आता दुकानदारांची कार्यवाही बघा. बियांचे रंगीत स्टँड जानेवारीतच दारात मांडलेले, बाहेर गुडघाभर बर्फ. हिवाळ्याला कंटाळलेला माणूस टोमॅटो घेतो आणि त्याच आठवड्यात पेरतो. ते रोप मार्चअखेर कुंडीत मुळांची वेटोळी करून अडकतं, एप्रिलमध्ये पिवळं पडतं, आणि मेमध्ये बाहेर लावल्यावर तीन आठवडे रुसून बसतं. एप्रिलच्या सुरुवातीला पेरलेलं शेजारचं धाकटं रोप त्याला मागे टाकून निघून जातं. हे त्या स्टँडवर बारीक अक्षरात लिहायला काय हरकत होती?

पुढचा अन्याय उबेचा. पाकीट सांगतं, आठ ते एकवीस दिवसांत उगवेल. आठ आणि एकवीस यांत जो फरक आहे तो नशिबाचा नाही, मातीच्या तापमानाचा आहे, आणि तो मोजलेला आहे. मिरचीचं बी २५ अंशांच्या मातीत आठेक दिवसांत वर येतं. १५ अंशांत त्यालाच पंचवीसेक दिवस लागतात. टोमॅटोला २५ अंशांत सहा दिवस पुरतात, १० अंशांत त्रेचाळीस. भेंडी तर ३० अंशांना आठवड्यात आणि १५ला जवळजवळ महिन्याने. हिवाळ्यात घराची हवा २० अंशांवर ठेवतात, रात्री त्याहून खाली. ओली माती हवेपेक्षा गार राहते, आणि खिडकीच्या काचेशी तर विचारू नका. यावर सल्ला मिळतो, ‘फ्रिजवर ठेवा, वर ऊब असते.’ जुन्या फ्रिजना असायची. आताच्या बऱ्याच फ्रिजचा माथा खोलीइतकाच गार असतो. ट्रेखाली घालायची तापणारी चटई मिळते, ती घ्यावी, आणि अंकुर दिसले की काढून ठेवावी, कारण उगवल्यावर तीच ऊब रोपाला उंच आणि अशक्त करते.

उजेडाबद्दल तर पद्धतशीर फसवणूक आहे. ‘खिडकीत, भरपूर उन्हात ठेवा.’ मार्चच्या सुरुवातीला इथे दिवस साडेअकरा तासांच्या आतबाहेर, त्यातले अनेक ढगाळ, आणि काचेतून येणारा उजेड एकाच बाजूने. नवरात्रात देवघरात घटाभोवती धान उगवतं तेव्हा ते वीतभर लांब आणि फिकट पिवळं असतं, आणि नऊ दिवसांसाठी तेच शोभतं. खिडकीतलं टोमॅटोचं रोप मार्चमध्ये हुबेहूब तसंच होतं. त्याला मात्र सप्टेंबरपर्यंत वाऱ्यापावसात उभं राहून फळं पेलायची असतात. उपाय साधा आहे: दुकानाच्या छताला लावतात तसले साधे एलईडी दिवे, रोपाच्या शेंड्यापासून पाच-दहा सेंटिमीटरवर, रोज चौदा ते सोळा तास, आणि रोप वाढेल तसे दिवे वर. यासाठी हजारांत किंमत असलेले जांभळे दिवे लागत नाहीत. पण पाकिटावर ‘दिवा’ हा शब्द सापडणार नाही. का, तर मग लोक एका मिरचीसाठी दिव्याचा, टायमरचा आणि जेवणाच्या टेबलाचा हिशेब करतील आणि पाकीट परत जागेवर ठेवतील.

इतकं करूनही एक सकाळ अशी येते की काल ताठ असलेली रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडलेली असतात. रोपं कोलमडणं म्हणतात ते हेच. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशा ओल्या, गार, कोंदट मातीत हे काम करतात. आडवं झालेलं रोप पुन्हा उठत नाही, ही गोष्ट मला अजून स्वीकारता आलेली नाही. अंगणातली माती कुंडीत घालू नये. पीट किंवा कोकोपीट, व्हर्मिक्युलाइट, परलाइट यांचं तयार मिश्रण घ्यावं. कुंड्या धुऊन घ्याव्यात, पाणी खालच्या ट्रेमधून द्यावं आणि वरचा थर कोरडा पडू द्यावा. प्लास्टिकचं झाकण उगवल्या दिवशीच काढावं आणि छोटा पंखा मंद चालू ठेवावा. त्या झुळकीने देठही जाड होतो. झाकण विकणाऱ्याने ते कधी काढायचं हे सांगायला हवं होतं. तो सांगत नाही.

आणि शेवटी मे. रोपं सशक्त, बाहेर ऊन, आता लावायचीच. तर नाही. घरात वाढलेल्या पानाला खरं ऊन आणि वारा माहीत नसतो. एका दुपारीत पानं पांढरी पडतात. त्यामुळे आठवडा-दहा दिवस ट्रे बाहेर न्यायचे आणि आत आणायचे. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग थोडं सकाळचं ऊन, मग जास्त. ही उचलठेव नेमकी कामाच्या दिवसांत, ऑफिसला निघताना आणि आल्यावर. रात्री १० अंशांच्या वर राहू लागल्या की टोमॅटो जमिनीत जातो, लांबलेला असेल तर देठासकट खोल, त्या देठालाही मुळं फुटतात. मिरची-वांग्याला आणखी आठवडाभर थांबवावं, गार रात्रीत ती नुसती उभी राहतात.

तुम्ही म्हणाल, मेमध्ये बाजारात तयार रोपं ढिगाने मिळतात, ती घ्या. मिळतात. ढोबळी मिरची मिळते, हालापेन्यो मिळते, जाड सालीचं मोठं जांभळं वांगं मिळतं. लवंगी मिळत नाही. काटेरी देठाचं, भरून करायचं छोटं वांगं मिळत नाही. साताऱ्याहून फोनवर काकू विचारतात, ‘अरे, एवढंसं रोप, त्याला तीन महिने कसले?’ त्यांना मी हे सगळं सांगितलं. त्या ऐकून घेतात आणि विचारतात, वांग्याला फूल आलं का. याच वांग्यासाठी मार्चपासून टेबल अडवून बसायची माझी तयारी आहे, दरवर्षी. फक्त माहिती खरी द्या.

सबब मागणी अशी: पाकिटावर मातीचं तापमान छापावं आणि त्यापुढे दिवस. फ्रॉस्टच्या तारखेशेजारी टक्केवारी छापावी. दिव्याचे तास छापावेत, आणि रोपं बाहेरच्या हवेला सरावण्याचा आठवडा मोजणीत धरावा. जागा नाही, असा खुलासा येईल. पुढच्या बाजूला टोमॅटोचा जो पानभर फोटो आहे, तो अर्धा करावा.