रात्री दोनचा प्रवास

मोटारगाडी विकत घेण्याचा विचार मनात येणे ही वास्तविक खासगी बाब. परंतु तो विचार एकदा पुण्यात उच्चारला गेला की त्याचे स्वरूप सार्वजनिक होते, आणि आपल्या पैशांनी आपण कोणते वाहन घ्यावे याविषयी आपल्याखेरीज सर्वांची मते ठाम असल्याचे ध्यानी येते. माझी पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी आता वयोमानाने थकली आहे. चढावर ती जो निःश्वास टाकते तो ऐकून मागून भोंगा वाजवणाऱ्यालाही क्षणभर संकोच वाटावा, इतपत तिची अवस्था झाली आहे. तेव्हा नवी घ्यावी, आणि घ्यावयाचीच तर डिझेलची घ्यावी की विजेची, एवढा साधा प्रश्न मी टेकडीवर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळीत मांडला. आणि तेव्हापासून मंडळीत जी उभी फूट पडली ती अद्याप सांधलेली नाही.

डिझेलपक्षाचे धुरीणत्व आमचे शेजारी रावसाहेब यांच्याकडे आहे. रावसाहेब पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. उभी हयात खात्याच्या जीपमधून धरणांच्या कामांवर फिरण्यात गेल्यामुळे, ज्या यंत्राचा आवाज पलीकडच्या आळीत पोहोचत नाही ते यंत्र चालू आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही. विद्युत्पक्षाची धुरा माझ्या भाच्याने उचलली आहे. हा हिंजवडीस नोकरीला असतो, आणि विजेची गाडी घेतल्यापासून त्याने अंतर किलोमीटरांत मोजण्याचे सोडून दिले आहे. "मामा, लोणावळा काय, तीस टक्क्यांवर आहे," असे तो सहज म्हणून जातो, आणि ऐकणाऱ्याला लोणावळ्यात कोणीतरी परीक्षेला बसले असावे असा भास होतो.

दोघेही अस्सल शौकीन. तर मौजेची गोष्ट अशी की, एका बाबतीत या दोन्ही पक्षांचे संपूर्ण मतैक्य आहे. डिझेलचे इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ देते, आणि विजेची मोटर तर पहिल्या फेरीपासूनच सगळी ताकद पदरात टाकते. या ओढीला शौकीन लोक 'टॉर्क' म्हणतात व तो शब्द उच्चारताना डोळे किंचित मिटतात. पेट्रोलच्या गाडीला ती ओढ नाही, सबब पेट्रोलची गाडी ही गाडीच नव्हे, असा ठराव माझ्या देखत, माझ्याच गाडीला टेकून, उभयपक्षी एकमताने संमत झाला.

एवढे एक सोडले तर पुढे सगळीच रणधुमाळी. प्रथम वाद निघाला तो ज्येष्ठत्वाचा. भाच्याने सांगितले की, १८९९ साली पॅरिसनजीक कामिय जेनात्सी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०० किलोमीटरचा वेग जगात प्रथम ओलांडला तो विजेच्या गाडीतून, आणि मर्सिडीज-बेंझची डिझेल मोटार रस्त्यावर आली ती १९३६ साली. म्हणजे वीज थोरली आणि डिझेल धाकटे. सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या माणसापुढे सेवाज्येष्ठतेचा मुद्दा काढणे धाडसाचेच होते. रावसाहेबांनी शांतपणे उत्तर दिले, "रुडोल्फ डिझेलने आपलं इंजिन आउग्सबुर्गला चालवून दाखवलं ते १८९७ साली. नेमणूक तेव्हाची आहे. पदस्थापनेला विलंब झाला म्हणून ज्येष्ठता जात नाही." शिवाय १९००च्या पॅरिस प्रदर्शनात हे इंजिन शेंगदाण्याच्या तेलावरदेखील चालवून दाखवले होते, अशी पुरवणीही त्यांनी जोडली. शेंगतेलाचा सध्याचा भाव ठाऊक असल्यामुळे या पुरवणीवर कोणी बोलले नाही.

मग घाटाचा प्रश्न आला. विजेवर खंडाळ्याचा घाट चढणे म्हणजे निव्वळ साहस, असे रावसाहेबांचे म्हणणे पडताच, दख्खनची राणी १ जून १९३०पासून तोच घाट विजेवर चढत आली आहे याकडे मी अदबीने त्यांचे लक्ष वेधले. "तिच्या डोक्यावर तार आहे," रावसाहेब म्हणाले, "तुमच्या भाच्याच्या डोक्यावर काय आहे?" भाच्याच्या डोक्यावर कर्ज आहे हे मला माहीत होते, पण घरची गोष्ट चारचौघांत सांगू नये म्हणून मी गप्प राहिलो.

या वादविवादाचा विशेष असा की, त्यात एकच वस्तुस्थिती दोन्ही बाजूंच्या वकिलांना सारखीच उपयोगी पडते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा साठवलेली असते, तेव्हा ज्या गाडीत ३० युनिटांची बॅटरी आहे ती गाडी, रावसाहेबांच्या शब्दांत, "तीन लिटरची टाकी घेऊन हिंडते, आणि त्या तीन लिटरांचं वजन दोनशे किलोंहून अधिक." हे ऐकून मंडळी हसली. हसणे ओसरेपर्यंत भाचा थांबला आणि म्हणाला, "बरोबर. आणि त्या तीन लिटरांत मी दोनशे किलोमीटर जातो. तुम्ही तीन लिटरांत कुठवर जाता, रावसाहेब?" खरी गोष्ट अशी आहे की, डिझेलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातून चाकांपर्यंत पोहोचते ती फार तर तिसऱ्या हिश्श्याची ऊर्जा, उरलेली उष्णता होऊन रेडिएटर व धुराड्यावाटे निघून जाते. विजेची मोटर मात्र मिळालेल्यातील नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामी लावते. रावसाहेबांनी यावर चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा धूर पुढे केला, भाच्याने आपली वीज कोयनेची असल्याचे जाहीर केले, आणि भिंतीतल्या भोकातून येणारी वीज आपला मुक्काम पोस्ट सांगत नसल्यामुळे तो मुद्दा तसाच तहकूब राहिला.

तथापि तत्त्वचर्चा बाजूला ठेवून हे दोन उपासक आपापल्या दैवताची रोजची पूजा कशी करतात हे पाहण्यासारखे आहे. रावसाहेबांची गाडी धिप्पाड आहे. तिच्यात चढताना पायरीचा उपयोग करावा लागतो. या गाडीचा दैनंदिन प्रवास म्हणजे घर ते मंडई, मंडई ते बँक आणि बँक ते घर. आता १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा नियमांमुळे डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक गाळणी आली. ही गाळणी अधूनमधून आतल्या आत तापवून तिच्यातील काजळी जाळून टाकावी लागते, आणि ती तापते केव्हा, तर गाडी वीस-पंचवीस मिनिटे बऱ्यापैकी वेगाने एकसारखी धावेल तेव्हा. लक्ष्मी रस्त्यावर एकसारखे धावणे पादचाऱ्यालाही साधत नाही. परिणामी महिन्या-दोन महिन्यांनी रावसाहेबांच्या समोरील तबकडीत पिवळा दिवा लागतो आणि "महामार्गावर एक फेरी मारून आणा" असा सल्ला सर्व्हिस सेंटरमधून येतो. मग रावसाहेब मला हाक मारतात. "चला हो, जरा गाडी फिरवून आणू." आम्ही दोघे प्रौढ गृहस्थ, काहीही काम नसताना, कोणाकडेही जावयाचे नसताना, कात्रजचा बोगदा ओलांडून खेड शिवापूरच्या दिशेने भरधाव निघतो. रावसाहेबांची नजर रस्त्यावर कमी आणि त्या दिव्यावर अधिक असते. दिवा विझला की त्यांच्या मुखावर कृतार्थता पसरते आणि टोलनाका येण्याच्या आत गाडी वळवून आम्ही परत येतो. इंधन वाचावे म्हणून डिझेलची गाडी घ्यावी, ती पुरेशी चालत नाही म्हणून तिच्यात काजळी साचावी, आणि ती काजळी जाळण्यासाठी पुन्हा डिझेल जाळीत सातारा रस्त्याची हवा खावी, हा व्यवहार किती फायद्याचा आहे असे मी एकदा विचारले होते. त्यावर "गाडीला व्यायाम लागतो," एवढेच उत्तर मिळाले.

भाच्याची उपासना याहून सोपी आहे असे समजू नये. गेल्या मे महिन्यात त्याने आम्हांला पाचगणीस नेले. वाईपर्यंत सारे सुखरूप होते. पसरणीचा घाट लागला आणि पडद्यावरील टक्के असे घसरू लागले की भाच्याने प्रथम गाणी बंद केली, मग वातानुकूलन बंद केले, आणि शेवटी आमचे बोलणेही बंद करावे असा त्याचा मनोदय दिसला. वास्तविक दीड टनाची गाडी ६०० मीटर वर उचलायला पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने अडीच युनिट पुरतात. पण टक्के डोळ्यांसमोर उतरत असताना पदार्थविज्ञान धीर देत नाही. आम्ही घामाघूम होऊन पाचगणीच्या थंड हवेचा अनुभव घेतला. परतताना मात्र चमत्कार झाला. उतारावर मोटर उलटी राबून वीज निर्माण करते व ती बॅटरीत जमा होते. त्यामुळे वाईला पोहोचेपर्यंत टक्के वाढले. खर्च करीत असताना शिल्लक वाढल्याचे दृश्य मी आयुष्यात प्रथमच पाहिले, आणि त्या आनंदात भाच्याने वातानुकूलन इतके वाढवले की मामींना शाल काढावी लागली.

त्यानंतर महामार्गावरील एका हॉटेलाच्या आवारात चार्जिंगसाठी थांबलो. तेथे दोन यंत्रे होती. एकावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी होती. दुसऱ्याला जी गाडी जोडलेली होती तिची बॅटरी ८८ टक्के भरलेली होती आणि मालक आत जेवत होते. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की जलद चार्जर मुद्दाम हात आखडता घेतो, हे सर्व जाणकारांना ठाऊक असते. फक्त चार्जर अडवून बसलेल्या जाणकाराला ते त्या वेळी आठवत नाही. आमची पाळी आल्यावर निराळाच पेच निघाला. या यंत्राच्या कंपनीचे ॲप भाच्याच्या मोबाइलमध्ये होते, परंतु त्याच्या पाकिटात पैसे नव्हते. पैसे दुसऱ्या कंपनीच्या पाकिटात होते, आणि तिचे यंत्र चिठ्ठीवाले होते. निरनिराळ्या कंपन्यांकडे त्याचे शंभर-शंभर, दीडदीडशे रुपये असे अनामत अडकून पडले आहेत की, त्या सर्वांचा मेळ घातला असता एका महिन्याचे दूध आले असते. डिझेल भरायला पाच मिनिटे लागतात, हे रावसाहेबांचे वाक्य मला तेव्हा फार सुबोध वाटले.

आमच्या मिस्त्रींचे मत विचारले तर ते निराळ्याच दुःखात होते. भाच्याच्या गाडीचे बॉनेट उघडून त्यांनी आत डोकावले. ना इंजिन ऑइल, ना क्लच, ना टर्बो, ना इंजेक्टर. "साहेब, हिच्यात माझ्यासाठी काही ठेवलंच नाही," असे म्हणून त्यांनी बॉनेट हळूच मिटले. विजेच्या गाडीची याहून मोठी शिफारस मी ऐकलेली नाही.

जमाखर्च मांडला तर तो सरळ आहे. डिझेल नव्वदीच्या घरात धरले तर शहरात किलोमीटरला पाच-साडेपाच रुपये पडतात. घरच्या मीटरवर भरलेल्या विजेला सव्वा-दीड रुपया, आणि रस्त्यावरच्या जलद चार्जरवर त्याच्या दुप्पट. म्हणजे घरी चार्जिंग करणाऱ्याची किलोमीटरमागे चार रुपयांची बचत. गाडीसाठी तीन लाख अधिक मोजले असतील तर ते फिटायला ७५,००० किलोमीटर फिरावे लागेल. माझे फिरणे पाहता मला ती वसुली करायला दहा वर्षे सहज लागतील, आणि बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते.

परंतु हिशेबाने गाडी घेणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही. प्रत्येक शौकिनाच्या मनात एक प्रवास असतो, आणि तो गाडी घेतो ती त्या प्रवासासाठी. रावसाहेबांचा तो प्रवास रात्री दोनचा आहे. "अहो, उद्या रात्री दोन वाजता कोल्हापूरला निघावं लागलं तर? तुमचा चार्जर शोधत बसायचं?" हा त्यांचा अखेरचा आणि अजिंक्य युक्तिवाद. भाच्याच्या मनातील प्रवास कन्याकुमारीचा आहे. त्यासाठी कोठे किती टक्के भरायचे याचा तक्ता त्याने तयार ठेवला आहे, रजा मात्र शिल्लक नाही. या दोघांचे रोजचे फिरणे पाहिले तर एकाला सायकल पुरेल आणि दुसऱ्याला कंपनीची बस आहे. गेल्या पावसाळ्यात खरोखरच कोल्हापुरास कोणी अत्यवस्थ झाल्याचा निरोप आला आणि रावसाहेबांना रात्री तातडीने निघावे लागले. ते ट्रॅव्हल्सच्या बसने गेले. मोतीबिंदूमुळे त्यांना रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे सहन होत नाहीत.

तेव्हा माझ्या मनाने कौल दिला आहे. ज्याला रोज सातारा-कोल्हापूर करावे लागते, मैलामैलांनी गाडी पळवावी लागते, त्याने डिझेल खुशाल घ्यावे. गाळणीही साफ राहील आणि पैसेही वसूल होतील. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या माझ्यासारख्याने, स्वतःच्या जागेत चार्जिंगची सोय होत असेल तर, विजेची घ्यावी. मग तीन लाख फिटोत न फिटोत. अडचण आहे ती त्या 'होत असेल तर' या अटीची. माझ्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर ओढण्याच्या परवानगीचा अर्ज सोसायटीच्या दफ्तरी दाखल होऊन बराच काळ लोटला. विजेपासून आग लागण्याचा संभव आहे या कारणास्तव समितीने त्यावर निर्णय राखून ठेवला आहे, आणि त्या सभेला समितीचे सर्व सभासद पाचव्या मजल्यावर लिफ्टने आले होते. वाचकांपैकी कोणी आपापल्या सोसायटीच्या समितीवर असतील, तर त्यांना हात जोडून एवढीच विनंती आहे की, असा एखादा अर्ज आपल्या फायलीत पडला असल्यास येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी त्यावर सही करावी. गाडी कोणती घ्यायची ते अर्जदार आपल्या टेकडीवर ठरवील.